विष्णुपंतांच्या जन्माची खोली

हेमलताबाईंच्या स्वयंपाकघराला दोर बांधला त्याला आता तीन महिने झाले होते. साधासुधा नाही, चांगला जाड, लाल मखमली दोर. लग्नाच्या लॉनवर नवरानवरीच्या सोफ्यापुढे लावतात तसला. त्यांच्या मुलाने, अतुलने, तो एका टेंटवाल्याकडून मागून आणला होता. दोराला पाटी लटकवली होती: 'प्रसूति कक्ष. कृपया छुएँ नहीं.' आणि दोराच्या पलीकडे, ओट्यावर, टर्किश टॉवेलखाली हेमलताबाईंचा मिक्सर होता. तो कुठे हलवावा ह्यावर घरात एकमत झालं नव्हतं.

त्यामुळे चटणी वाटायची म्हणजे सदुसष्टाव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांसकट, वाकून दोराखालून जायचं.

"माझ्याच मिक्सरसाठी मी म्युझियममध्ये घुसून राहिले," त्या म्हणत. "उद्या तिकीट मागाल."

"आई, फॅमिलीला फ्री है," अतुल गंभीरपणे सांगे.

जबलपूरच्या गढ्यातलं हे तीन खोल्यांचं घर म्हणजे विचारवंत विष्णुपंत मोहगावकर यांचं जन्मस्थान, असं सगळे म्हणत. सगळे म्हणजे मोहगावकर. विष्णुपंत म्हणजे हेमलताबाईंच्या नवऱ्याचे, मुरलीधररावांचे आजोबा. त्यांनी असंग्रहावर तीन जाड खंड लिहिले. माणसाने आपल्यामागे काही ठेवू नये, एवढं सांगायला त्यांना साडेअकराशे पानं लागली. पण बोलले तसे वागले मात्र. छत्री, घड्याळ, चष्मा, कोट, जो दारात येईल त्याला देऊन मोकळे. शेवटी शेवटी तर ते तीन खंडही एका भंगारवाल्याला हात जोडून देऊन टाकले. त्यामुळे म्युझियम करायचं ठरलं तेव्हा पहिली पंचाईत ही झाली, की ठेवायला काही नव्हतं.

ह्यावर तोड अतुलनेच काढली. तो दिवसा ऑर्डनन्स फॅक्टरीत नोकरी करी आणि संध्याकाळी स्मारक समितीचा सचिव असे. सराफ्यातल्या एका जुन्या दुकानाची काचेची कपाटं त्याने आणली, पुढच्या खोलीत ओळीने मांडली, आणि रिकामीच ठेवली. प्रत्येकात एक पाटी. 'छाता. विष्णुपंत जी ने सन् १९३१ में दान किया.' 'घड़ी. सन् १९३८ में दान.' अशी पाच. मागच्या आठवड्यात एक गृहस्थ ही कपाटं बघून गेले आणि सरळ चोरीची खबर देऊन आले. हवालदार आला, पाचही वस्तू लिहून घेतल्या आणि मुरलीधररावांना विचारलं, "किसी पे शक?"

"दादाजी पे," मुरलीधरराव म्हणाले.

सहाव्या कपाटात मात्र वस्तू होती. एक पितळी घागर, पोटाशी थोडी चेपलेली. खाली पाटी: 'कलश. विष्णुपंत जी की एकमात्र संपत्ति.' आणि समोरच्या भिंतीवर, काचेच्या फ्रेममध्ये, मोडी लिपीतलं एक पिवळं पडलेलं पत्र. घरात ते वाचता कोणालाच येत नाही असं धरून अतुलने त्याला सगळ्यात मोठी पाटी दिली होती: 'विष्णुपंत जी का प्रथम दार्शनिक पत्र.'

आज भोपाळहून संस्कृती विभागाच्या सत्यवती मॅडम येणार होत्या. बघणार, सही करणार, की घर स्मारक झालं. आणि ह्या सहीवर हेमलताबाईंचा जीव अडकला होता, तो विष्णुपंतांसाठी नव्हे.

विजय नगरला अतुलचा फ्लॅट होता. लिफ्ट होती. पूर्वेच्या खिडकीचं स्वयंपाकघर होतं, हाताला येईल असा ओटा होता, आणि बाथरूममध्ये माणसासारखं बसता येईल असं कमोड होतं. त्यांची खोली वर्षभर तयार होती. पण मुरलीधररावांनी भर पंगतीत शपथ घेतली होती, "हे घर सोडीन तर स्मारकासाठीच सोडीन!" शपथ घेताना त्यांच्या हातात जिलबी होती, म्हणून कोणी मनावर घेतली नाही. पण जिलबी पचली, शपथ राहिली. आज सही झाली तर सोमवारी सामान हलायचं होतं. हेमलताबाईंनी नव्या स्वयंपाकघरात कॅलेंडरसाठी खिळासुद्धा बघून ठेवला होता.

सगळं सुरळीत होतं. फक्त काल नागपूरहून कुंदाताई आल्या होत्या.

कुंदाताई म्हणजे मुरलीधररावांच्या थोरल्या बहीण. वय अठ्ठ्याहत्तर. दात नवे, जीभ जुनीच. सकाळी चहाचा कप घेऊन त्या दोरापाशी उभ्या राहिल्या.

"काहून गं हेमा, हे काय बांधून ठेवलं?"

"आजेसासरे इथं जन्मले ना, ताई. ही ती खोली."

"कोण म्हणते?"

"तुमचे भाऊ."

"मुरलीला काय समजते!" कुंदाताईंनी चहा फुंकला. "तुझा अतुल कुठं झाला?"

"अमरावतीला."

"काहून?"

"माहेर ना माझं."

"मग?" कुंदाताई म्हणाल्या. "आजोबा घरचे थोरले. पहिलं बाळंतपण. पहिलटकरीण सासरी बाळंत झाली, आणि तेही मोहगावकरांत? अगं, आपल्याकडे सातव्या महिन्यात ओटी भरून मुलगी माहेरी धाडत नसत काय? आजोबांचं आजोळ पिंपळापुऱ्यांचं. आता जिथे कमानिया गेट आहे, त्याच्या मागच्या गल्लीत. खाली हल्ली बॅण्डवाले आहेत बघ."

हेमलताबाईंनी दोराचा पीळ नीट केला. "असेल बाई," त्या म्हणाल्या.

असेल नव्हे, होतंच. आणि हे हेमलताबाईंना आठ महिन्यांपासून माहीत होतं. करोनाच्या टाळेबंदीत लोक केक करायला शिकले, ह्या मोबाइलवर मोडी शिकल्या. आधी गंमत म्हणून, मग नादच लागला. अतुलने ट्रंकेतून पत्र काढून फ्रेम करायला दिलं, त्याच्या आदल्या दुपारी त्यांनी ते सगळं वाचलं होतं. ते कुठलं दार्शनिक पत्र! विष्णुपंत तेव्हा एका दिवसाचे होते. मुलीकडच्यांनी सासरी पाठवलेलं ते जन्माचं पत्र होतं. आणि मूल ह्याच खोलीत झालं असतं, तर ह्याच घरी पत्र पाठवायचं कोणाला काय कारण?

त्यांनी ते वाचलं, घडी घातली, आणि कमोड आठवून त्या गप्प बसल्या.

सत्यवती मॅडमची गाडी गल्लीत शिरेना, म्हणून त्या तोंडापासून चालत आल्या. पन्नाशीच्या, शांत, कॉटनची साडी, हातात फाइल. अतुलने गुच्छ दिला. मुरलीधररावांनी नमस्कार केला आणि त्यांना मानाने विष्णुपंतांच्या खाटेवर बसवलं. ही खाट १९८४ साली इथल्याच गोरखपूर बाजारातून आणली होती हे घरात सर्वांना माहीत होतं. खाटेलाही बहुधा माहीत असावं. ती एका पायाने वाकली, आणि मॅडम सावकाश, तोल न सोडता, फाइलीसकट जमिनीच्या दिशेने कलल्या.

"कोई बात नहीं," तिरक्या बसूनच त्या म्हणाल्या. "पुरानी चीज़ है."

मग त्यांनी कपाटं पाहिली. पहिलं, दुसरं, तिसरं. "ये सब... खाली हैं?"

"जी मैडम. दान," अतुल म्हणाला.

मॅडम थोडा वेळ रिकाम्या छत्रीकडे बघत राहिल्या. "बहुत मॉडर्न है," त्या म्हणाल्या, आणि फाइलीत काहीतरी टिक केलं. अतुलने आईकडे बघून भुवया उडवल्या. हेमलताबाईंना नव्या स्वयंपाकघरातला खिळा दिसला.

पुढे भिंतीवर वंशवृक्ष होता. हाही अतुलचाच. वरपासून खालपर्यंत मोहगावकर पुरुष फांद्यांना आंब्यांसारखे लटकले होते. विष्णुपंतांच्या वरती दोन चौकोन: 'पिता: गोपाळराव', आणि 'माता: अज्ञात'.

"माता का नाम नहीं मिला?" मॅडमनी विचारलं.

"बहुत ढूँढा, मैडम. किसी को याद ही नहीं."

"अच्छा," मॅडम म्हणाल्या आणि दोरापाशी आल्या. "तो यही वो कक्ष है."

"यही!" मुरलीधररावांचा आवाज भरून आला. "इसी जगह, मैडम, पूज्य दादाजी ने पहली साँस..."

"साफ झूठ," मागून कुंदाताई म्हणाल्या.

टॉवेलखालचा मिक्सरसुद्धा ऐकत असल्यासारखा वाटला.

"ताई, तुम्ही आत बसा बरं," मुरलीधरराव म्हणाले.

"आतच आहे मी. तुझ्या तीन खोल्यांत बाहेर जागा कुठं आहे? मुरली, पहिलं बाळंतपण माहेरी होत असते. हे तुला नसेल समजत, तू कधी बाळंत झाला नाहीस."

"आत्या, प्लीज यार," अतुल कुजबुजला. "सही होने दो."

"काहून होऊ देऊ? खोटी पाटी लावून राहिला तू, आणि मी गप्प बसू?"

"बाबा पण म्हणायचे, ह्याच घरातले!" मुरलीधररावांनी छातीवर हात ठेवला.

"ह्या घरातले म्हणायचे. ह्या घरात जन्मले नाही म्हणायचे. तुला लहानपणापासून अर्धंच ऐकू येते."

सत्यवती मॅडमना मराठी पूर्ण समजत नव्हती, पण भांडण समजत होतं. अतुलने खालच्या आवाजात सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "लेकिन हमारी तरफ़ तो पहला बच्चा ससुराल में ही होता है, माताजी. मेरा भी वहीं हुआ."

"तुमच्यात होत असेल. आमच्यात आईपाशी पाठवतात," कुंदाताईंनी ठसक्यात मराठीतच सांगितलं. "बाईला दुखते तेव्हा आई लागते, सासू नाही."

हे मात्र मॅडमना भाषांतराशिवाय समजलं. फाइल उघडून त्या म्हणाल्या, "देखिए, मुझे कोई लिखित प्रमाण मिल जाए, बस. उसी समय का कुछ?"

अतुलचा चेहरा उजळला. इथेच त्याने माती खाल्ली. "है ना मैडम! ओरिजिनल!" त्याने भिंतीवरची फ्रेम काढून आणली.

"क्या लिखा है इसमें?"

"बहुत गहरा है, मैडम."

"पर क्या?"

अतुलने वडिलांकडे पाहिलं. मुरलीधररावांनी बहिणीकडे. कुंदाताई म्हणाल्या, "मोडी आहे ते. आमच्यात शेवटी बाबांनाच येत होतं."

"हेमाला येते," मुरलीधरराव एकदम म्हणाले. "त्या करोनात शिकली ना ती! मी हसलो होतो." आणि त्रेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच ते बायको काय बोलते ह्याची वाट बघत उभे राहिले.

फ्रेम हेमलताबाईंच्या हातात आली. तिची काच गार होती.

ह्या खोलीत मोडी वाचता येणारी त्या एकट्याच होत्या. पाहिजे ते वाचता आलं असतं. 'मनुष्याने कशाचाही मोह धरू नये' म्हटलं असतं तरी मॅडमनी टिक केलं असतं आणि अतुलने टाळी वाजवली असती. अतुल मॅडमच्या पाठीमागून हात जोडून खुणा करत होता. सोमवार. लिफ्ट. पूर्वेची खिडकी.

त्यांनी चष्मा चढवला आणि वर पाहिलं, तर समोर वंशवृक्ष. 'माता: अज्ञात'.

हेमलताबाईंना अमरावतीची खोली आठवली. दिवसभर आणि वर रात्रभर लागलेल्या कळा. डोक्यावरून फिरणारा आईचा हात, त्याला लसणाचा वास. सकाळी वडील ओसरीवर बसून जबलपूरला तार लिहीत होते, ते त्यांना खाटेवरून दिसलं होतं. उद्या ह्या भिंतीवर आपल्याही चौकोनात हा पोरगा काहीतरी असंच लिहील, आणि त्यावर कोणीतरी टिक करेल.

"वाचते," त्या म्हणाल्या.

"'राजश्री व्याहीबुवांस साष्टांग नमस्कार. विशेष. आमची चिरंजीव मथुरा काल पहाटे प्रसूत होऊन पुत्र झाला.'" त्यांनी काचेवरून बोट पुढच्या ओळीवर नेलं. "'दोन रात्री फार कष्टली. ओरडली नाही. आता उभयतां सुखरूप आहेत. जावईबापूंनी काळजी न करणे. बाळ माजघरात निजले आहे. मथुरा तुमच्याकडील सर्वांची विचारपूस करते.'"

कुंदाताईंनी पदर डोळ्यांना लावला. जिंकल्याचा आनंद त्यांना करताच येईना. "मथुरा," त्या म्हणाल्या. "मुरली, मथुरा नाव होतं तिचं."

मुरलीधरराव वंशवृक्षातल्या चौकोनाकडे बघू लागले.

"और क्या लिखा है?" मॅडमनी विचारलं.

हेमलताबाई शेवटच्या ओळींवर आल्या. आता सुरुवात केलीच होती तर शेवट लपवण्यात अर्थ नव्हता. "'बारशास सहकुटुंब यावे. येताना, डोहाळजेवणाच्या पंक्तीस आमच्याकडून नेलेली पितळी घागर अद्याप परत आली नाही, ती न विसरता आणावी. घागर पोटाशी किंचित चेपलेली आहे, म्हणजे ओळखू येईल.'"

सगळे वळले. सहाव्या कपाटात, स्वतंत्र बल्बच्या उजेडात, विष्णुपंतांची एकमात्र संपत्ती चमकत होती. पोटाशी किंचित चेपलेली.

"घागर मतलब?" मॅडमनी विचारलं.

"कलश, मैडम," अतुल जमिनीकडे बघत म्हणाला.

"सव्वाशेच्या वर वर्षं," कुंदाताई म्हणाल्या. "असंग्रहावर तीन खंड, आणि लोकांची घागर घरात!"

सत्यवती मॅडमना हसू आलं, ते त्यांनी फाइलीत लपवलं. मग त्यांनी विचारलं, जन्म झाला ते घर कुठे, आणि हल्ली तिथे काय आहे. "बैंड," मुरलीधरराव म्हणाले, आणि कपाळाला हात लावून खाटेवर बसले. खाट ह्या वेळी दुसऱ्या पायाने वाकली.

"फ़ाइल जन्मस्थान की है, आंटी जी," मॅडम हेमलताबाईंना म्हणाल्या. "इस घर पर मैं साइन नहीं कर सकती. आप समझ रही हैं ना?"

"समझ रही हूँ."

मॅडमनी फाइल मिटली. जाता जाता वंशवृक्षापाशी थांबल्या, अतुलच्या खिशातलं पेन घेतलं, 'अज्ञात' वर एक रेघ मारली आणि वर लिहिलं, 'मथुरा'. शेजारी आपली छोटी सही केली. त्या घरात त्यांनी केलेली सही ती एवढीच.

गाडी गेली. अतुल कपाटं कोणाला परत द्यायची ह्याचे फोन लावत अंगणात गेला. कुंदाताई आत जाऊन आडव्या झाल्या. मुरलीधरराव वाकड्या खाटेवर वाकडेच बसून राहिले.

"तू जरा थांबली असती तर?" ते म्हणाले.

"आठ महिने थांबली होती."

त्यांनी बायकोकडे नीट पाहिलं. "म्हणजे तुला माहीत होतं?"

"हो."

"मग आज काहून बोलली?"

हेमलताबाईंनी मखमली दोराची गाठ सोडली, दोराची गुंडाळी केली, पाटी खाली काढली. टॉवेल ओढून खोबरं, मिरच्या, कोथिंबीर घालून मिक्सर लावला. प्रसूति कक्षात तीन महिन्यांनी पहिल्यांदा न वाकता चटणी वाटली गेली. मिक्सर थांबला तेव्हा मुरलीधरराव म्हणत होते, "...चलो, ठीक आहे. आता आपण इथंच. स्मारक नाही, तर जाणं नाही."

"मी सोमवारी विजय नगरला जाऊन राहिले," हेमलताबाई म्हणाल्या.

"पण स्मारक कुठं झालं?"

"स्मारक तुम्हाला पाहिजे होतं. मला कमोड पाहिजे."

आतल्या खोलीतून, झोपल्या असं वाटलेल्या कुंदाताईंचा आवाज आला, "बरोबर बोलून राहिली ती!"

"ताई, तुम्ही कोणाच्या बाजूच्या आहात?"

"सकाळी तुझ्या विरुद्ध होती. आता हिच्या बाजूची आहे."

मुरलीधररावांनी रिकाम्या कपाटांकडे पाहिलं. छत्रीकडे, घड्याळाकडे. "आणि मी?" त्यांनी विचारलं. आवाजात शपथ नव्हती.

"यायचं तर या. खोली दोघांची आहे," हेमलताबाई चटणी काढत म्हणाल्या. "पण आधी ती घागर परत करून या."

सोमवारी सामान टेम्पोने पुढे गेलं. मागून ऑटोत हे दोघं. मुरलीधररावांच्या मांडीवर घागर, चिंचेने घासून लखलखीत केलेली. हेमलताबाईंच्या मांडीवर लोणच्याची बरणी. विजय नगरला जायला कमानिया गेट वाटेत नाही, पण ऑटोवाल्याला वाट वाकडी करायला लावली.

गल्लीत ऑटो थांबला. खाली बॅण्डचं दुकान. उघड्या दारातून हेमलताबाईंना माजघर दिसलं. भिंतीवर सोनेरी झालरीचे लाल कोट, कोपऱ्यात एकात एक बसवलेले ढोल, आणि खाली सतरंजीवर एक म्हातारा मांडीवर भला थोरला पितळी बाजा घेऊन फडक्याने पुसत होता, अगदी हळू, बाळाचं अंग पुसावं तसा.

"बुकिंग है क्या, माताजी?"

"नहीं भैया. देखने आई हूँ."

"देखिए, देखिए," तो म्हणाला आणि पुसत राहिला.

वरच्या गॅलरीतून एक बाई डोकावल्या. क्षमाताई पिंपळापुरे, मथुरेच्या माहेरच्या. रेल्वेतून रिटायर होऊन वरच्या मजल्यावर एकट्याच राहत. त्यांनी खाली मुरलीधररावांना पाहिलं, त्यांच्या हातातली घागर पाहिली.

"मी मोहगावकर," मुरलीधरराव मान वर करून म्हणाले. "गढ्याहून आलो. ही घागर..."

"आणली का?" क्षमाताई म्हणाल्या. "या, या वर. आमची आजी नेहमी म्हणायची, मोहगावकर माणसं चांगली आहेत. घागर आणतील. थोडा वेळ लागेल."

मुरलीधरराव जिना चढून गेले. पाच मिनिटांनी खाली आले ते मोकळ्या हातांनी. ऑटोत बसले आणि हात आधी मांडीवर ठेवले, मग गुडघ्यांवर, मग काखेत घातले. कुठेच जमेना. आयुष्यात कधी काही देऊन टाकलं नव्हतं, त्यामुळे नंतर हातांचं काय करायचं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

हेमलताबाईंनी एकदा बघितलं, दोनदा बघितलं. मग लोणच्याची बरणी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली.

"नीट धरा," त्या म्हणाल्या. "चलो भैया, विजय नगर."